अर्जातली रात्र

किनवटला तहसीलच्या बाहेर, झाडाखाली, अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं असतात. दिगंबरचं टेबल त्यातलं सगळ्यात गर्दीचं. उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद, वनहक्काचा दावा, हरवलेलं रेशनकार्ड, बांधाची भांडणं, सगळं त्याच्या हातून कागदावर उतरायचं. या तालुक्यात हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. 1956 पर्यंत किनवट हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. आजही बाजाराच्या दिवशी मराठीच्या बरोबरीनं तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा, दखनी कानावर येते. माणूस आपल्या बोलीत घडाघडा सांगतो आणि दिगंबर ते 'मौजे', 'सदर', 'इसम', 'सबब विनंती' अशा सरकारी मराठीत बसवतो. सांगणाऱ्याला ते वाचता येतंच असं नाही. तो सही करतो किंवा अंगठा उठवतो, आणि कागदावरचं ते त्याचं स्वतःचं म्हणणं होऊन जातं. ही फार मोठी ताकद आहे. चाळीस-पन्नास रुपयांत विकली जाते म्हणून तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, एवढंच.

रात्री जेवणं झाली की दिगंबर कादंबरी लिहायला बसायचा. रहस्यकादंबरी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर तो लहानाचा मोठा झाला होता, पुढं गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईच्या उत्तरेला समुद्रकाठी अर्नाळा नावाचं कोळ्यांचं गाव आहे, त्यावरून त्यांनी टोपणनाव घेतलं आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. दिगंबरच्या मनानं यातून एक गोष्ट घेतली ती कायमची: रहस्य राहतं समुद्राकाठी. कोळीवाडा पाहिजे, वाळत घातलेली जाळी पाहिजेत, पाण्यातला किल्ला पाहिजे, पुनवेची रात्र पाहिजे. अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशी बेटावर आहे आणि मराठ्यांनी तो 1737 मध्ये घेतला, हे त्याला पाठ होतं. समुद्र मात्र त्यानं पाहिलेला नव्हता. त्याच्या गावाशेजारून वाहणारी पैनगंगासुद्धा त्या समुद्राला जात नाही. ती वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला, आणि ते सगळं पाणी पूर्वेच्या समुद्राला. पश्चिमेच्या कोळीवाड्यात काय चालतं हे सांगायला किनवटच्या पाण्याचा एक थेंबही तिकडं पोचत नाही.

तरी कादंबरी पूर्ण झाली. एका नाखव्याचा खून होतो. पुनवेच्या मध्यरात्री ओहोटी लागलेली असताना, पाणी हटून उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्यावर प्रेत सापडतं. मुंबईचा इन्स्पेक्टर येतो. सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर तो किल्ल्याच्या पडक्या बुरुजात राहणाऱ्या एका एकट्या माणसाला पकडतो. तो माणूस कुणाशी बोलत नसतो आणि रात्री-बेरात्री हिंडत असतो. दिगंबरनं खुनी पहिल्याच दिवशी ठरवला होता, पुरावे मागाहून जमवले होते.

वही वाचायला दिली ती आश्रमशाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना. बाई वसईकडच्या, जन्मानं कोळी, नोकरीनं किनवटच्या, इथं येऊन पुष्कळ वर्षं झालेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या माहेरी निघाल्या तेव्हा दिगंबरनं वही त्यांच्या हातात दिली. समुद्राच्या माणसानं, समुद्रावर बसून वाचावी अशी त्याची इच्छा होती.

जूनचा तिसरा आठवडा होता. मृग जवळजवळ कोरडा चालला होता. मग तीन दिवस आभाळ भरून राहिलं, ऊन म्हणून पडलं नाही, उकाडा मात्र तसाच. तिसऱ्या दिवशी रात्री एक जोराची सर येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी टेबल लावायच्या आधीच भोई वस्तीवरची पाच-सात माणसं झाडाखाली उभी होती. पुढं मारोती, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. डोळे लाल, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"दिगूभाऊ, अर्ज लिवा. तळं मेलं आमचं."

वस्तीजवळचा साठवण तलाव संस्थेनं ठेक्यानं घेतलेला होता. गेल्या पावसाळ्यात कर्ज काढून कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडली होती. वर्षभर राखण केली होती. मासा किलो-दीड किलोचा झाला होता आणि येत्या आठवड्यात जाळं टाकून माल काढायचा ठरलं होतं. पहाटे पाळीवर गेले तर पांढऱ्या पोटांनी पाणी झाकलेलं.

"कुणी केलं?" दिगंबरनं विचारलं. हा प्रश्न त्यानं वहीत कितीदा तरी लिहिला होता. प्रत्यक्षात विचारायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि त्याचा आवाज थोडा बदलला.

"कुणी म्हंजे... काय सांगावं?"

"कुणी दिसलं का तळ्यावर?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मारोतीचा पुतण्या, सोळा-सतरा वर्षांचा, मागून म्हणाला, "सांजच्याला लेतूबाबा गेले पाळीवरून. डोक्यावर पोतं व्हतं."

"पोत्यात काय होतं?"

"टोळी असंल. मोहाची. सध्या तेच येचायलेत की सगळे."

लेतूबाबा पलीकडच्या कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचे. वय झालेलं, बोलणं कमी, जंगलातला माणूस. मोहाची बी म्हणजे टोळी, ती या दिवसांत वेचायची, वाळवायची, तेल काढायचं, हा पोडावरचा दरवर्षीचा उद्योग. पण तेल काढल्यावर राहते ती पेंड मासा मारते, हे भोई वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिगंबरलाही ठाऊक होतं. त्याच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. गावाबाहेर राहणारा, कुणाशी न बोलणारा माणूस. पोतं. तळं. हे त्यानं आधीच लिहून ठेवलेलं होतं, फक्त बुरुजाच्या जागी पोड घालायचं होतं.

त्यानं कागद ओढला. अक्षर सुंदर होतं त्याचं. काल रात्रीच्या अंधाराचा फायदा घेऊन सदर इसम डोक्यावर पोते घेऊन तलावाच्या पाळीवर संशयास्पदरीत्या वावरताना दिसून आला, सदर पोत्यामध्ये मोहाची विषारी पेंड असल्याचा दाट संशय आहे, सबब सदर इसमाविरुद्ध कायदेशीर कारवाई व्हावी, ही विनंती.

मग त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

पोरानं संध्याकाळ सांगितली होती, कागदावर रात्र आली होती. पोरानं 'गेले' म्हटलं होतं, कागदावर लेतूबाबा 'वावरत' होते. पोरानं टोळी म्हटलं होतं, कागदावर पेंड होती, आणि ती विषारी होती. पोरानं एकदा मान वर करून दिगंबरकडं पाहिलं, पण मोठी माणसं गप्प होती म्हणून तोही गप्प राहिला. मारोतीनं सही केली. वर्षाची कमाई पाण्यावर तरंगत असलेल्या माणसाला कागदावरच्या तीन शब्दांशी भांडायचं त्राण नसतं. त्याला कुणीतरी आपल्या बाजूनं इतकं ठाम बोललं, एवढंच ऐकू येतं.

दुपारी लेतूबाबांना ठाण्यात आणून बसवलं. पोतंही आणलं. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर प्रत्येकाला माहीत झालं होतं की कोलाम म्हातारा रात्री अंधारात पेंड टाकताना सापडला. 'सापडला' हा शब्द तर अर्जातही नव्हता. आणि ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं होतं, तो मारोतीचा पुतण्याही चार जणांनी विचारल्यावर म्हणाला, "व्हय, रातच्याला पाह्यलं." तो खोटं बोलत नव्हता. त्यानं अर्ज ऐकला होता, आणि शिकलेल्या माणसानं लिहिलेलं आपल्या डोळ्यांपेक्षा खरं असणार, असं त्याला वाटलं होतं.

बाई आल्या त्या चारच्या सुमाराला. शाळा उघडून दोन-चार दिवसच झाले होते. त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

"दिगंबरभाऊ, वाचली. भाषा छान आहे तुमची. पण तुमचं प्रेत त्या जागी सापडणारच नाही."

"का बरं?"

"पुनवेच्या मध्यरात्री ओहोटी लिहिलीत तुम्ही. आमच्याकडं पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमाराला भरती असते, तीही उधाणाची. तुमच्या वाळूच्या दांड्यावर त्या वेळी पुरुषभर पाणी असेल. प्रेत, खुनी आणि इन्स्पेक्टर, तिघंही बुडतील."

दिगंबर वही चाळायला लागला. "मग पुनव काढून टाकतो. दुसरी तिथी घालतो."

"मध्यरात्रीची ओहोटी पाहिजे तर अष्टमीच्या आसपास घ्या. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते, आठवड्याभरात उलटी होते. पण मग तो भांग असतो. भांगाला पाणी फार चढत नाही नि फार उतरतही नाही. तुमचा दांडा उघडाच पडायचा नाही. आमच्या घरातल्या लहान पोरालाही हे कळतं, कारण होडी कधी लोटायची नि कधी ओढायची ते सगळं त्यावर असतं. नाखव्याचा खून करणारा माणूस पाणी बघितल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही."

त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "आणि तो बुरुजातला माणूस. त्यानंच का केलं?"

"तो एकटा राहतो. बोलत नाही. रात्री हिंडतो."

"आमच्याकडं रात्री सगळेच हिंडतात, दिगंबरभाऊ. भरती रात्रीची असली की मासेमारीही रात्रीचीच. एकटं राहणं हा काही पुरावा आहे का?"

दिगंबरनं विषय बदलला. आजच एका खऱ्या प्रकरणाचा अर्ज लिहिला, असं त्यानं सांगितलं. सांगताना तळं, पेंड, पोतं, लेतूबाबा सगळं आलं. आपण दोन मिनिटांत कसं ओळखलं तेही आलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेलं काय काय?"

"मासे."

"कोणते?"

"मासे म्हणजे मासे. कटला, रोहू."

"आणि जगलं काय?"

याला दिगंबरकडं उत्तर नव्हतं. त्यानं तळं पाहिलंच नव्हतं.

दोघं त्याच्या मोटारसायकलवरून वस्तीवर गेले. तळ्याच्या अलीकडंच वास सुरू झाला. पाळीवर माशांचे ढीग, घोंघावणाऱ्या माश्या, दोन-तीन माणसं खड्डा खणत होती. ढिगाशेजारी मारोतीची आई, सगळ्या वस्तीची गंगाआजी, उकिडवी बसली होती. तिच्यासमोर एक ॲल्युमिनियमचा हंडा आणि त्यावर झाकलेली डाल.

बाईंनी काही न बोलता ढिगातला एक कटला उचलला. तोंड वासलेलं, कल्ल्याची झाकणं फाकलेली. दुसरा उचलला, तोही तसाच. मग त्या ढिगाभोवती फिरल्या. सगळे मोठे. वीतभराच्या आतला मासा त्या ढिगात जवळजवळ नव्हताच. पाण्याच्या कडेला जाऊन वाकल्या तर हिरव्या गढूळ पाण्यात बोटाएवढी पिलं पळत होती. दगडाला चिकटून झिंगे होते, ओल्या दगडावर चढून बसलेले, पण जिवंत. पाण्यावर पालापाचोळा, शेणाचा थर, रात्रीच्या पावसानं रानातून वाहून आणलेला सगळा कचरा.

"आजी, हंड्यात काय?"

गंगाआजीनं डाल उचलली. आत जेमतेम चार बोटं पाणी होतं, आणि त्यात मरळी. काळ्या, सापासारख्या तोंडाच्या, वळवळणाऱ्या. तळाशी दोन मागूर मिशा हलवत पडलेले. मध्येच एका मरळीनं तोंड पाण्याबाहेर काढलं, हवा घेतली आणि परत खाली गेली.

"सकाळी ह्याच तळ्यातून धरले," आजी म्हणाली. "पाणी मेलं तरी ह्यायला काई झालं नाई. मी सकाळपासून सांगायले, बाबांनो, ही पेंड नव्हं. पेंड टाकत्यात कामून? बीज सोडायच्या आधी तळ्यातली मरळ नि मागूर मारायलाच टाकत्यात की. न्हाई तर ते बोटुकली खाऊन टाकत्यात. पेंड पडली असती तर हीबी गेली असती."

"मग आजी, कशानं मेलं?"

"दम कोंडला. इख पडलं की बारका आधी मरतो. दम कोंडला की मोठा आधी मरतो, त्याला हवा जास्ती लागती. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला असंच झालं व्हतं डोहात. आभाळ, उकाडा, नि मंग पह्यला पाऊस. पहाटं सगळे मासे तोंड वर काढून बसले व्हते. आम्ही रातभर काठ्यांनी पाणी झोडपलं, काही वाचले."

बाईंनी दिगंबरला तेच विज्ञानाच्या भाषेत सांगितलं. तळ्यातलं हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म वनस्पती. दिवसा ऊन असलं की त्या पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्याही माशांसारखाच तो वापरतात. तीन दिवस ऊन नाही म्हणजे तीन दिवस भर पडलेली नाही. त्यात पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मुरतो. 20 अंशाला लिटरमागं 9 मिलिग्रॅम मावत असेल तर 30 अंशाला साडेसातच्या आसपास. त्यावर पावसानं पाला नि शेण आणून ओतलं, ते कुजायला लागलं, आणि कुजण्यालाही प्राणवायूच लागतो. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरलं नाही. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात म्हणून राहिले.

एवढं सगळं समोर पडलेलं होतं. ढिगातल्या माशांची लांबी, वासलेली तोंडं, हंड्यातली मरळ, दगडावरचे झिंगे. अर्नाळकरांच्या झुंजारला यातला एक धागा पुरला असता. रहस्यकथा वाचणाऱ्याला एक गोष्ट हमखास माहीत असते, की ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो बहुधा निर्दोष निघतो. पुस्तकात हे आपण किती सहज मान्य करतो. गावात तेच घडलं की पहिला संशयितच शेवटचा ठरतो, कारण गावात पुढचं पान उलटायला कुणी थांबत नाही. आणि तसं पाहिलं तर ते पान उलटायचं काम त्या दिवशी एकट्या गंगाआजीनं केलं होतं, न लिहिता न वाचता. तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती गुन्हेगाराचं नाव सांगत नव्हती.

मारोती खड्ड्यातून वर आला. आईकडं न बघता म्हणाला, "आमालाबी हे कळतं, बाई. भोयाच्या पोटी जन्मलो आमी. पण एवढा माल गेला, तर मनाला वाटलं, कुणीतरी केलेलं असावं. कुणी केलेलं असलं की भरपाई तरी मागता येती. आभाळाकडं कशी मागावी?"

हे त्यानं अगदी खरं सांगितलं. माणसानं दुसऱ्यावर घेतलेला निम्मा संशय तरी या एवढ्याच गरजेपोटी असतो.

ते सगळे अंधार पडायच्या सुमाराला ठाण्यात गेले. मारोती, त्याचा पुतण्या, बाई, आणि हंडा घेऊन गंगाआजी. तिनं हंडा सोडायला ठाम नकार दिला होता. दिगंबरनं बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. हे लिहिणं त्याला जड गेलं. पहिला दहा मिनिटांत झाला होता, याला तास लागला, कारण प्रत्येक ओळीला तो पोराला विचारत होता. किती वाजले होते? उजेड होता का? ते थांबले होते की चालत होते? पोतं खाली ठेवलेलं पाहिलंस का? पोराचं उत्तर येईल तसं तो लिहीत होता. पोरगं म्हणालं, दिवस मावळायच्या आधी, सगळं नीट दिसत होतं, बाबा पाळीवरून चालत गेले, थांबले नाहीत. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं.

जमादारानं कागद वाचला. "मग आता संशयित कुणाला दाखवायचं?"

"कुणालाच नाही, साहेब," मारोती म्हणाला. "आमची तक्रार नाई राहिली."

गंगाआजीनं डाल काढून मरळ दाखवली. जमादारानं वाकून पाहिली आणि पोत्याची सुतळी सोडायला लावली. आत टोळी होती. टरफलासकट, ओलसर, वेचून आणलेली.

लेतूबाबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. दुपारपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. उठताना त्यांना पोराचा हात धरावा लागला. सगळे समोर आले तेव्हा त्यांनी एकेकाकडं बघितलं.

"लिवलं कुणी?"

"मी, बाबा," दिगंबर म्हणाला.

"तू पाह्यलं व्हतं?"

"नाही."

बाबा मारोतीकडं वळले. "तू?"

मारोतीनं मान हलवली. मग ते पोराकडं वळले. पोरगं रडकुंडीला आलं होतं. "मी सांजच्याला पाह्यलं, बाबा. टोळी घेऊन चालले व्हते तुमी. घराकडं."

"मंग तसं लिव," बाबा म्हणाले, दिगंबरला. आवाज चढवला नाही.

पोतं मारोतीनं डोक्यावर घेतलं आणि पोडापर्यंत पोचवलं. दिवसभर ओल्या फरशीवर राहिल्यानं बी गरम होऊन खराब झाली होती, बरीचशी फेकावी लागली. संस्थेनं तिचे पैसे देऊ केले. बाबांनी बाजारभावानं जेवढे होतात तेवढे घेतले, त्यावर एक रुपया घेतला नाही. काही दिवसांनी मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस आला. त्यानं पाणी तपासलं, सगळी हकीकत विचारली आणि गंगाआजीनं सांगितलं होतं तेच सांगून गेला. पुढच्या उन्हाळ्यापासून भोई वस्तीनं ढगाळ दिवसांत पहाटेची राखण सुरू केली. मासे तोंड वर काढायला लागले की इंजीन लावून तळ्याचंच पाणी उपसून उंचावरून तळ्यातच पाडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. पोडावरची माणसं मात्र तळ्याच्या पाळीवरून जायची बंद झाली. बाजाराला यायचं तर ती ओढ्यातून लांबचा फेरा घालून यायला लागली. मारोती दोनदा जाऊन विनवून आला, बाबांनी नीट बसवून घेतलं, चहा दिला, पण फेरा तसाच राहिला. पहिला अर्ज ठाण्यात मागं घेतला गेला होता. चहाच्या टपरीवरून, बाजारातून, लोकांच्या तोंडून तो मागं घेता येत नव्हता. आजही कुणी लांबच्या गावचा माणूस विचारतो, तो पेंड टाकणारा कोलाम तुमच्याकडचाच ना?

दिगंबरनं कादंबरी परत हातात घेतली आणि बुरुजातल्या माणसापाशी अडकला. खुनी बदलायचा तर पहिल्या पानापासून बदलावं लागत होतं. आता प्रत्येक पात्राला त्या रात्री कुठं होतास हे खरोखर विचारावं लागत होतं, आणि पाणी कुठं होतं हेही. बाईंनी त्याला माहेरून भरती-ओहोटीच्या वेळांचं छापील कोष्टक आणून दिलं. ते टेबलाच्या काचेखाली आहे. येणारे-जाणारे विचारतात, किनवटला हे कशाला?

टेबलावरची गर्दी थोडी कमी झाली, हेही सांगितलं पाहिजे. लोकांना अर्ज लवकर हवा असतो आणि दिगंबर आता विचारत बसतो. शेजारच्या टेबलावर पाच मिनिटांत काम होतं.

मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी आला. शेतातली कडब्याची गंज जळाली होती. भावकीतल्या अमक्यानंच पेटवली, त्याच्यावर अर्ज लिहा, म्हणाला.

"तुम्ही पेटवताना पाहिलं का, काका?"

"पाह्यलं नाई. पण त्याच्याबिगर कोण करील? बांधावरून भांडण हाय आमचं."

"कधी पेटली?"

"दुपारी. वारं सुटलं व्हतं तवा."

"गंजीवरून विजेची तार जाते का?"

काका चिडले. अर्ज लिहायचा तर लिहा, नाही तर तसं सांगा, म्हणाले, आणि उठून शेजारच्या टेबलाकडं निघाले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"तार जाती," ते म्हणाले. "लोंबकाळती हाय. लाइनमनला दोनदा सांगून झालं."

दिगंबरनं कागद पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावलं आणि मोटारसायकलची किल्ली घेतली.

"बसा मागं. आधी तार बघून येऊ."